‘बरोबर’ म्हणायचं नाही

माझ्या कामाला मराठीत ‘व्यवसायोपचार’ म्हणतात. हे नाव ज्यानं कुणी घडवलं त्याला एकदा नाशिकच्या शालिमार चौकात उभं करून रिक्षावाल्याला सांगायला लावलं पाहिजे, की बाबा रे, मला व्यवसायोपचार केंद्रात सोड. ‘ऑक्युपेशनल थेरपी’ म्हटलं तर लोक म्हणतात, “म्हणजे फिजिओ ना?” नुसतं ‘ओटी’ म्हटलं तर पुरुषांना ऑपरेशन थिएटर आठवतं आणि बायकांना खण-नारळ. माझ्या नणंदेनं यावर केव्हाच तोडगा काढलाय. लग्नाकार्यात ती माझी ओळख करून देते, “ही आमची वहिनी. मेंटलच्या दवाखान्यात पेशंटकडून मेणबत्त्या करून घेते.” पूर्वी मी चिडायचे. आता समोरच्याला किती हव्यात ते विचारते.

दिवाळी अंकात लिहायचं म्हणजे आधी काम काय ते सांगायला हवं. मन आजारी पडलं की माणसाचा दिवस मोडतो. उठणं, दात घासणं, आमटीला फोडणी देणं, सिटीबस पकडणं, दुकानदाराशी चार शब्द बोलणं, या गोष्टी तुम्ही-आम्ही न बघता करतो. आजारी माणसाला त्यातली एकेक गोष्ट सप्तशृंगीच्या पायऱ्यांसारखी वाटते. डॉक्टर औषधं देतात, समुपदेशक बोलतं करतात, आणि मी त्या माणसाचा मोडका दिवस हातात घेऊन बघते, की नेमका कुठं तुटलाय आणि कुठून सांधायला घ्यावा. कामाचे बारीक बारीक तुकडे करायचे, झेपेल तो तुकडा आधी द्यायचा, झेपला की पुढचा. ऐकायला सोपं आहे. करायला गेलं की घाम फुटतो, आणि तो बहुतेक वेळा पेशंटच्या नातेवाइकांमुळे फुटतो.

सगळ्यात अवघड असतं ते योग्य काम शोधणं. इगतपुरीचे एक निवृत्त रेल्वे गार्ड आमच्याकडे आणले होते. निवृत्त झाले आणि भिंतीकडे तोंड करून झोपले, ते झोपलेच. औषधं चालू होती, पण माणूस पलंग सोडेना. मी नवी होते. आमच्या खोलीत वेत होता, म्हणून त्यांच्या हातात वेत दिला. त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि म्हणाले, “बाई, मी आख्खी मालगाडी सांभाळली. आता टोपली सांभाळू?” शेवटी उपाय त्यांच्या बायकोच्या बोलण्यातून सापडला. क्वार्टरवर ड्यूटीचा निरोप घेऊन माणूस यायचा, त्याला ‘कॉल’ म्हणत. कॉल आला की पाऊस असो, ताप असो, हे उठायचेच. मग मावशी, म्हणजे त्यांची बायको, घरी रोज सकाळी दारात उभ्या राहून ओरडायला लागल्या, “गार्डसाहेब, कॉल आलाय!” पहिल्या दिवशी त्यांनी मावशींना शिव्या घातल्या, पण शिव्या घालायला ते उठून बसले होते. ड्यूटी काय, तर इगतपुरीच्या त्या धो धो पावसात छत्री घेऊन दूध आणायचं. पुढे ते स्टेशनपर्यंत जाऊ लागले आणि कुठली गाडी किती लेट आहे याचा अहवाल मावशींना देऊ लागले. मावशी मला म्हणाल्या, “आता गप्प बसायचं कायतरी औषध द्या.”

सगळ्यांचं असं झालं नाही. किती तरी जणांना आम्ही पाकिटं चिकटवत बसवलं, कारण आमच्याकडे पाकिटंच होती. एक इंजिनिअर झालेली मुलगी होती, तिचं काम मला शेवटपर्यंत सापडलं नाही. घरच्यांनी तिला नेलं आणि पुढे काय झालं ते कळलं नाही. प्रदर्शनात कुणी आमच्या पेशंटनी केलेल्या पणत्या घेताना “तेवढीच मदत” म्हणालं की मला अजून ती आठवते आणि वाईट वाटतं.

पण आज मला मुकुंदची गोष्ट सांगायची आहे. त्याचं आणि त्याच्या वडिलांचं नाव बदललंय, बाकी काही बदललेलं नाही. लिहायला त्याची परवानगी आहे. वडिलांनी परवानगी देताना एक अट घातली, की शुद्धलेखन नीट तपासून घ्यायचं.

मुकुंदचं घर पंचवटीत, रामकुंडापासून हाकेच्या अंतरावर. पिढ्यान्‌पिढ्या तीर्थोपाध्यायाचं काम. म्हणजे बाहेरगावाहून लोक अस्थी घेऊन येतात, श्राद्ध-तर्पणाला येतात, त्यांचे विधी घाटावर करून द्यायचे. वडिलांना सगळी पंचवटी अण्णा म्हणते. आवाज खणखणीत, पाठांतर दांडगं, आणि शिकवताना एक ऱ्हस्व इकडचा तिकडे झाला तरी पळी आपटायचे. मुकुंद त्यांचा एकुलता एक मुलगा, त्यांच्याच हाताखाली तयार झालेला. त्याची बायको अश्विनी कॉलेज रोडला एका विमा कंपनीच्या ऑफिसात नोकरी करते.

मुकुंदला जो आजार झाला त्याला डॉक्टर ओसीडी म्हणतात आणि मराठीत फार पूर्वीपासून मंत्रचळ म्हणतात. तोच विचार, तीच शंका, तीच कृती, पुन्हा पुन्हा. आता गंमत बघा. ज्या घरात मंत्र म्हणणं हाच पोटाचा उद्योग आणि सोवळं हाच रोजचा शिरस्ता, त्या घरात मंत्रचळ ओळखायचा कसा? मुलगा दोनदा आंघोळ करायला लागला तेव्हा घरच्यांना कौतुक वाटलं. आचमन करताना थांबायचा, पाणी सांडून द्यायचा, पुन्हा पहिल्यापासून करायचा, तेव्हा घाटावरचे यजमान म्हणायचे, “हल्ली असे गुरुजी राहिले नाहीत.” आईनं दृष्ट काढली. दुसऱ्या एखाद्या घरात हाच मुलगा वर्षभरात डॉक्टरकडे पोचला असता. इथं त्याचं नाव झालं.

मग हळूहळू सगळं आवळत गेलं. विधी संपेनात. एक ओळ म्हटली की शंका यायची, उच्चार नीट झाला का? नसेल तर समोरच्याच्या वडिलांना पोचलं नाही, आणि त्याचं पाप आपल्या डोक्यावर. की पुन्हा ती ओळ. यजमानांच्या जीपचे हॉर्न वाजायचे, बायका-पोरं उन्हात ताटकळायची. तेव्हा अण्णांनी कोणताही प्रेमळ बाप करील तेच केलं. ते त्याच्या शेजारी बसायला लागले. मुकुंद ओळ म्हणायचा, वडिलांकडे बघायचा. अण्णा म्हणायचे, “बरोबर.” की पुढची ओळ. आधी विधीमागे एकदा, मग प्रत्येक मंत्राला, मग प्रत्येक शब्दाला. घरी अश्विनीचीही तीच गत. “मी हात धुतले का?” “धुतले.” “नीट?” “नीट.” भाजीच्या पिशव्या धुतल्या जायच्या, चपला धुतल्या जायच्या. एकदा तिचा मोबाईल धुतला गेला.

पौषातल्या एका सकाळी तो कुंडावर स्नानाला गेला आणि बाहेर येईना. बुडी मारून वर आला की कुणाचा तरी शिंतोडा उडायचा, की पुन्हा बुडी. नाशिकची थंडी माहीत आहे ना? ओठ निळे पडले. शेवटी घाटावरच्याच दोघा गुरुजींनी त्याला उचलून बाहेर काढलं. दुसऱ्या दिवशी अश्विनीनं रजा टाकली आणि त्याला आमच्याकडे आणलं.

मी त्याला प्रथम बघितलं तेव्हा त्याचे हात धुऊन धुऊन पांढरेफटक झाले होते, पेरापेरांत भेगा. माझ्या टेबलाकडे बघत त्यानं विचारलं, “मॅडम, याला कुणाकुणाचे हात लागतात हो?”

“सगळ्यांचे,” मी म्हटलं.

तो हसला. “वाटलंच मला.” आणि हात मांडीवरच ठेवले. तेव्हाच मला हा मुलगा आवडला.

औषधं सुरू झाली. आमच्या मानसशास्त्रज्ञ बाईंचे त्यांच्या पद्धतीचे उपचार सुरू झाले. दोन-अडीच महिन्यांत आंघोळी कमी झाल्या, झोप लागायला लागली. मग प्रश्न आला, पुढे काय? डॉक्टरांचं म्हणणं स्पष्ट होतं. “त्या घाटापासून लांब ठेवा याला. आगीतून काढलंय, परत फुफाट्यात कशाला?” अश्विनीच्या भावानं अंबड एमआयडीसीतल्या एका कंपनीत स्टोअरमध्ये जागाही बघून ठेवली होती. अश्विनीलाही तेच हवं होतं. तिचं तरी काय चुकलं? बिचारी दमली होती.

मी मुकुंदला विचारलं. तो म्हणाला, “स्टोअरमधलं मला जमेलही, मॅडम. पण घाटावर लोक येतात ना, ते हातात मडकं घेऊन येतात. काय करायचं ते कळत नसतं त्यांना. आपण सांगतो, इथं बसा, पाणी घ्या, वडिलांचं नाव घ्या. तासाभरानं उठतात तेव्हा चेहरा सुटलेला असतो त्यांचा. ते मी करत होतो. मला तेच परत करायचंय. नाहीतर मी बरा होऊन काय करू?”

आमच्या सगळ्या पुस्तकांतलं शहाणपण या एका प्रश्नात आहे. मी डॉक्टरांशी भांडले. ते म्हणाले, “बघा करून. पण बिघडलं तर तुम्ही बघायचं.” अण्णांनी मुदत घातली. त्यांचे गुडघे गेले होते, घाटावर मांडी घालून बसणं होत नव्हतं. “पितृपक्षापर्यंत मुकुंद बसला तर त्याची जागा त्याची. नाही तर पुतण्याला बसवतो. यजमान काय आपल्यासाठी थांबणारेत?” बोलले कडक, पण उपरण्यानं चष्मा पुसत राहिले.

आता तुकडे करायची वेळ आली. मी मुकुंदला म्हटलं, सगळं साहित्य घेऊन ये, इथं आपल्या खोलीत श्राद्धाची तालीम करू. मी यजमान होते.

तो दचकला. “मॅडम, तुमचे वडील आहेत ना?”

“आहेत की. रोज सकाळी फिरायला जातात.”

“मग कसं करणार? जित्या माणसाचं?”

असा प्रश्न कुठल्याही कॉलेजात शिकवत नाहीत. ज्यांचे वडील नव्हते असे आमचे चौकीदार तयार झाले, तर मुकुंद म्हणाला, तिथी कुठाय? तिथीशिवाय कसं? मी हात टेकले आणि अण्णांना बोलावून घेतलं. ते आमच्या खुर्चीवर बसले नाहीत, घरून आणलेल्या चटईवर पाय पसरून बसले. प्रश्न ऐकून म्हणाले, “त्यात काय? पाठशाळेतली मुलं शिकतात ती कशी शिकतात? संकल्प सोडायचा नाही, म्हणजे अमक्याचं श्राद्ध करतो असं म्हणून पाणी सोडायचं नाही. संकल्प नाही, तर कर्म नाही. मग तो अभ्यास.” झालं. आमची तालीम विनासंकल्प सुरू झाली.

तेव्हाच मी त्यांना आणखी एक विचारलं. “अण्णा, आचमनाच्या आधी हात किती वेळा धुवायचे?”

“एकदा.”

“आणि दर्भाचं पवित्रक बोटातून पडलं तर?”

“उचलून घालायचं. नाही तर दुसरं घ्यायचं. त्याला काय आंघोळ करायची?”

मी मुकुंदकडे वळले. “ऐकलंस? आजपासून आपला नियम. शास्त्रापेक्षा जास्त शुद्ध व्हायचं नाही.”

मुकुंदनं मान खाली घातली, पण नियम त्याला पटला. मी सांगितलं असतं तर बाईला सोवळं काय कळतं म्हणून सुटका करून घेतली असती. इथं खुद्द अण्णांचा शब्द होता. त्या नियमानं आमचं निम्मं काम केलं. पाणी सांडणं थांबलं, दर्भ बदलणं थांबलं.

उरलेलं निम्मं अण्णांकडेच होतं. मी त्यांना बाजूला घेऊन सांगितलं, “तुम्ही ‘बरोबर’ म्हणणं बंद करायचं.”

“म्हणजे?”

“खाज आली की खाजवल्यावर बरं वाटतं ना? मग जास्त येते. तुमचं ‘बरोबर’ तसं आहे. त्याला घडीभर बरं वाटतं आणि शंका आणखी वाढते.”

अण्णांचा चेहरा लाल झाला. “मॅडम, जन्मभर मुलं शिकवली मी. चुकलं तिथं टोकलं, बरोबर तिथं मान डोलावली. आता माझा मुलगा समोर म्हणतोय, आणि मी भिंतीकडे बघू?”

“हो.”

“आणि चुकला तर?”

“तरीही.”

त्यांनी चटई गुंडाळली आणि निघून गेले. मला वाटलं, संपलं. चार-सहा दिवसांनी अश्विनीचा फोन आला. ती हसत होती. म्हणाली, मुकुंद म्हणायला बसला की बाबा अडकित्ता घेऊन बसतात आणि तोंडात सुपारी टाकतात. तोंडात सुपारी असली म्हणजे बोलावं लागत नाही. मी म्हटलं, फार छान. पुढच्या वेळी दोघं केंद्रात आले तेव्हा मी बघते तर काय, तोंड बंद, पण मान लयीत हलतेय. मुकुंदचे डोळे त्या मानेवर.

“अण्णा, मान!”

“अहो, ती आपोआप हलते!” अण्णा कळवळून म्हणाले. मग आम्ही त्यांना मुकुंदच्या पाठीमागे बसवलं.

एवढं झालं तरी एक गाठ सुटत नव्हती. मंत्राची ओळ चुकल्याची शंका आली, की मुकुंद मागे जायचा. या आजारावरच्या उपचारात एक पद्धत असते. ज्याची भीती, ते थोडं थोडं मुद्दाम करायचं, म्हणजे भीतीची धार जाते. मी म्हटलं, एखादी ओळ मुद्दाम चुकीची म्हण आणि पुढे जा. हे ऐकल्याबरोबर मागून अण्णांचा खणखणीत आवाज आला.

“हे चालणार नाही! मुद्दाम चूक? अभ्यासातसुद्धा नाही. तुमचं शास्त्र तुमच्यापाशी ठेवा!”

मीही तापले. “मग तुमच्या शास्त्रात काही असेल तर काढा! तिकडे माणूस चुकतच नाही का?”

मुकुंद आमच्या दोघांकडे आळीपाळीनं बघत होता. अण्णा बराच वेळ अडकित्त्याशी चाळा करत बसले. मग आवाज उतरवून म्हणाले, “चुकतो. म्हणून तर शेवटी प्रार्थना असते. मंत्रात कमी पडलं असेल, क्रियेत कमी पडलं असेल, भक्तीत कमी पडलं असेल, ते तू पुरं मानून घे, अशी. प्रत्येक विधीच्या शेवटी म्हणतो आम्ही. रोज म्हणतो.” थांबून ते स्वतःशीच बोलल्यासारखे म्हणाले, “रोज म्हणतो, आणि पोराला मात्र कधी सांगितलं नाही, की ही तुझ्यासाठीसुद्धा आहे.”

मला गलबलून आलं. मुकुंदनं विचारलं, “म्हणजे मधे चुकलं तर मागे जायचं नाही, बाबा?”

“नाही. पुढे जायचं. सगळं त्या शेवटच्या गाठोड्यात टाकायचं.”

इतका सुंदर उपाय मिळाला म्हणून मी त्या दिवशी घरी जाताना खुशीत द्राक्षं घेऊन गेले. आजार माझ्यापेक्षा हुशार निघाला. आठवड्याभरात मुकुंद मधे थांबायचा बंद झाला, पण शेवटची प्रार्थना पुन्हा पुन्हा म्हणायला लागला. एकदा म्हणून शंका, नीट मागितली का क्षमा? की परत. तालीम झाली अर्ध्या तासात आणि क्षमा चालली पाऊण तास. मी कपाळाला हात लावला. या आजारात हे असं होतंच, एक खिडकी लावली की तो दुसरीतून येतो. मी काही समजावून सांगायच्या आत मागून अण्णा म्हणाले, “मुकुंदा, देव बहिरा आहे का?”

“नाही.”

“मग एकदा सांगितलं की कळतं त्याला. दुसऱ्यांदा सांगणं म्हणजे त्याच्यावर अविश्वास. एकदाच.”

मुकुंद हसला. बऱ्याच दिवसांनी मोठ्यानं हसला. नंतर सगळं सुतासारखं सरळ झालं असं नाही. पावसाळ्यात एकदा पार घसरला, चार दिवस न्हाणीघरातून लवकर बाहेर आला नाही, अश्विनी माझ्यापाशी रडली. ती म्हणाली, “मॅडम, अजून वेळ आहे. अंबडची जागा आहे अजून.” मी म्हटलं, पितृपक्षापर्यंत थांब. असं म्हणताना मला खात्री होती असं नाही. मुकुंदला मात्र मी तसं कळू दिलं नाही.

भाद्रपदाचा वद्य पक्ष सुरू झाला. रामकुंडावर पाय ठेवायला जागा नव्हती. मी एका पायरीवर यात्रेकरू असल्यासारखी बसले, शेजारी अश्विनी थर्मास घेऊन. माझ्या दुसऱ्या बाजूला अण्णा एका पाटावर, मुकुंदच्या पाठीशी, त्याच्यापेक्षा दोन पायऱ्या वर. मुकुंदसमोर पहिला यजमान आला तो नामपूरकडचा, पन्नाशीचा गडी, डोकं नुकतंच भादरलेलं, बरोबर बायको आणि भाऊ. वडिलांचं करायचं होतं. बसताबसताच म्हणाला, “महाराज, आमले दुपारनी गाडी धरनी शे.”

“मिळेल गाडी,” मुकुंद म्हणाला. “बसा. हात पुढे करा.”

एकदाच आचमन. पवित्रक बोटात. संकल्प. हा खरा संकल्प होता. मुकुंदचा आवाज सुरुवातीला बारीक होता, मग भरला. अगदी अण्णांचा आवाज. पिंड मांडले, नावं विचारली. बापाचं, आजाचं, पणजाचं. पणजाचं नाव त्या माणसाला आठवेना, भावाला विचारलं, बायकोनं कुणाला तरी फोन लावला, त्या गडबडीत एकदाची नावं मिळाली. मुकुंद म्हणू लागला. आणि मधेच थांबला.

पळी हातात तशीच. पाण्याचा थेंब टोकावर लोंबतोय. त्यानं मान वळवून मागे बघितलं. ती नजर मी ओळखत होते.

“उलटं झालं,” अण्णा ओठांतल्या ओठांत माझ्याशी पुटपुटले. “आजाच्या जागी पणजा घेतला.” म्हणजे या वेळी ती नुसती शंका नव्हती. खरोखर चुकला होता, आणि खरी चूक पुढे जाऊ द्यायची हे त्या म्हाताऱ्यानं जन्मात केलं नव्हतं. मुकुंद बघत होता. अण्णांनी एकदम तोंड फिरवलं आणि पलीकडच्या फुलवालीला मोठ्यानं विचारलं, “काय गं, झेंडू कसा दिला आज?”

“घ्या की अण्णा, तुमाला काय भाव सांगायचा? लय ताजा हाय.”

“ताजा कसला? कालचा दिसतोय.”

“कालचा? आवो, सकाळीच आणलाय!”

अण्णा झेंडूवरून भांडत होते आणि त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. मुकुंदनं क्षणभर ते बघितलं. मग मान वळवली, पळीतलं पाणी सोडलं आणि पुढची ओळ घेतली. मागे गेला नाही. शेवटापर्यंत गेला. हात जोडून ती प्रार्थना म्हटली, एकदाच, आणि थांबला. यजमान त्याच्याकडे बघत होता. मग त्यानं हळूच विचारलं, “व्हई गये का, महाराज?”

मुकुंदनं श्वास घेतला. “झालं,” तो म्हणाला.

कितीतरी वर्षांत त्याच्या तोंडून हा शब्द निघाला नव्हता. अश्विनीनं माझं मनगट इतकं घट्ट धरलं की बांगडी रुतली. तो गडी उठला, मुकुंदच्या पाया पडला, आणि त्याच्या बायकोनं डोळे पुसून पिशव्या उचलल्या. चेहरे खरोखरच सुटले होते. गाडीही मिळाली असणार, सूर्य अजून डोक्यावर आला नव्हता.

पुढच्या यजमानाआधी मुकुंद पायऱ्या चढून वर आला. घामानं निथळत होता. “बाबा, मघाशी तिथं मी...”

“चहा घेतोस?” अण्णा म्हणाले.

“नाही, मी काय म्हणतो, ते नाव...”

“आलं घातलेला आहे. अश्विनी, ओत गं.”

मुकुंद त्यांच्याकडे बघत राहिला. मग बसला, आणि चहा घेतला. तेवढ्यात खालून कुणीतरी हाक मारली, “गुरुजी, मोकळे आहात का?” तो अर्धा कप तसाच ठेवून उतरून गेलासुद्धा.

आता मी. मी विज्ञानाची पदवीधर, घरात साधा गणपती बसवायचा तरी पुस्तकात बघून बसवणारी. पण तो नामपूरचा माणूस, त्याचा बाप, तो आजा आणि तो पणजा माझ्या डोक्यातून जाईनात. शेवटी राहवेना. मी अण्णांकडे सरकले आणि हळूच विचारलं, “अण्णा, एवढ्यानं काही बिघडत नाही ना हो? पोचलं असेल ना त्यांना?”

अण्णांनी उपरण्यानं डोळे पुसले, चष्मा लावला आणि माझ्याकडे नीट बघितलं.

“मॅडम,” ते म्हणाले, “याचं उत्तर द्यायचं नाही, असा तुमचाच नियम आहे.”